टाकीचं टोपण

आमच्या वर्कशॉपची जुनी डिझेल पिकअप माझ्या हातात कधीच बंद पडली नाही. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या हातात मात्र भर रस्त्यात मान टाकायची, आणि थोडा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. मला मनातून उकळ्या फुटायच्या. तेवढंच काय ते माझं होतं, बाकी सगळं त्याचं.

तो बाबांच्या गळ्यातला ताईत. मी शाळा सुटल्यापासून बाबांच्या हाताखाली काळी झाले. हा लग्नानंतर आयता आलेला. तरी मला "अगं, तो पाना दे" आणि त्याला "जावईबापू, जरा बघता का?" ते "बघता का" ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नजर मंदावली तसे बाबा म्हणाले, "वर्कशॉपची चावी आता तुमच्यापैकी एकाला द्यायची. पण आधी घरची गाडी बरी करा. गिऱ्हाइकं हसतात."

मी कंबर कसली. पाइपांत हवा शिरते का पाहिलं, पंप पाहिला, वायरी हलवून पाहिल्या. फेरी मारली तर इंजिन झकास.

"ताई, तुमच्यापुढे कशी शहाण्यासारखी वागते," तो हसत म्हणाला.

"माणूस ओळखते," मी म्हटलं.

मग सामान पोचवायला बाबा त्याच्याच शेजारी बसून जाऊ लागले. दोघं बंद पडलेल्या गाडीच्या गमती सांगत परत यायचे. माझ्याबरोबर बाबा कधी असे खिदळले होते?

एकदा त्यांचं असंच हसणं चाललं होतं. मी पिकअपची किल्ली हिसकावली आणि तशीच निघाले. चढावर इंजिन आचके देत बंद पडलं. माझ्या हातात!

डिझेल संपलं की काय म्हणून मी टाकी उघडायला गेले. आमच्या गाडीचा काटा कधीचाच मेलेला. निघताना आणि परतताना टाकीत काठी घालून बघायचं, ही बाबांची शिकवण. आज रागाच्या भरात तेवढंच राहिलं होतं. टोपण फिरवलं आणि फस्सकन हवा आत ओढली गेली. डिझेल भरपूर होतं. चावी फिरवली, इंजिन चालू.

टोपणाला हवेचं भोकच नव्हतं! डिझेल संपत जाई तशी टाकी आतून आवळत होती, आणि इंजिन उपाशी राहत होतं. मी सारखी काठी घालायला टोपण उघडायची, तो कधीच नाही, म्हणून माझ्याकडे गाडी शहाणी.

आता बघतेच जावईबापूंना, म्हणत मी परतले. दारातच बाबांचा आवाज कानावर आला. गिऱ्हाइकाला सांगत होते, "नजर गेली, पण हात नाही गेला. डिझेल चोरीला जायचं, तर भंगारातून हे कुलपाचं टोपण शोधून मीच बसवलं."

मागे एका इंजिनाचा बोल्ट त्यांच्या हातून चुकला, तेव्हा कित्येक महिने त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे हे टोपण. मी दारातूनच मागे फिरले. सगळे जेवायला बसल्यावर मी ड्रिलने टोपणाला बारीक भोक पाडलं.

त्याच दुपारी जावईबापूंनी डिझेलचा नवा फिल्टर बसवला. पुढे आठवडाभर गाडी बंद पडली नाही. व्हायचं तेच झालं. बाबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि चावी त्याच्या हातात ठेवली. ज्या चावीने इतकी वर्षं मी शटर उघडलं, ती चावी. तरी हसले.

बाबा घरी गेल्यावर हात धुता धुता मी कुत्सितपणे म्हटलं, "फिल्टर छान बसवलात हं."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जुना फिल्टरही ठीकच होता, ताई. काल डिझेल भरताना बाबांनी बसवलेल्या टोपणाचं नवं भोक पाहिलं मी."

"मग चावी कशाला घेतलीत?"

"नको म्हटलं असतं तर बाबांनी कारण विचारलं असतं."

मी नळ तसाच सोडून उभी राहिले. चावी गेली तर गेली. बाबांसाठी गप्प बसणं तरी माझं एकटीचं आहे, असं मी धरून चालले होते. मेला त्यातही वाटेकरी निघाला.