वर्दीतला फोटो

फोन कानाला लावताच लालासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पलीकडचा माणूस स्वतःला मेजर म्हणवत होता, आणि मेजरशी बसून बोलणं सुभेदारांना निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनीही जमत नव्हतं. पोट आत, खांदे मागे, टाचा जुळलेल्या. अंगात बनियन आणि कमरेला लुंगी होती, पण त्याने काही बिघडत नव्हतं.

"जय हिंद, सर."

सून शिवांजली खाली बसून कांदा-लसूण मसाल्याच्या पिशव्यांना चिकटपट्टी लावत होती. मसाला तिचा, धंदा तिचा आणि फोनही तिचाच. मोबाइलवरून ती ऑर्डरी घ्यायची. पुण्यातल्या मैत्रिणी, त्यांच्या सोसायटीतल्या बायका, त्या बायकांच्या नणंदा, असं हळूहळू चाललं होतं. आज एकदम सैन्याच्या कँटीनची ऑर्डर आली. वर्षभरात खपला नव्हता एवढा मसाला त्यांना एका महिन्यात हवा होता आणि भाव त्यांनी विचारलाच नव्हता. भाव न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची तिला धास्ती वाटली, म्हणून तिने फोन सासऱ्यांच्या हातात दिला. फौजेतलं काय ते त्यांना कळणार.

"सर पठानकोटला हुते, आपल्या शेजारच्याच युनिटला," फोनवर तळवा ठेवून लालासाहेब म्हणाले. इतकं फुललेलं तोंड तिने स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. खरं तर पठानकोटचं नाव आधी त्यांनीच घेतलं होतं. मेजरने फक्त 'हाँ हाँ' केलं होतं.

माजी सैनिकाच्या घरचा माल म्हणून घ्यायचा, तर मेजरला सैनिकाचं कार्ड हवं होतं आणि वर्दीतला एक फोटो. कार्ड ट्रंकेतून निघालं. फोटो भिंतीवर होताच, बेरेट टोपी घातलेला, छातीवर पदकं. बनुबाईंनी नवऱ्याच्या तसबिरीची काच पदराने पुसली, शिवांजलीने फोटोचा फोटो काढला आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंसकट पाठवून दिला. तोवर लालासाहेब कांडप यंत्रं दोन घ्यावीत की तीन, आणि कामाला बायका कुठल्या वाडीतून आणाव्यात, इथपर्यंत पोचले होते.

मग मोबाइलवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आला. तो स्कॅन करा, पिन टाका, आगाऊ रक्कम खात्यात येते, असं मेजरचं म्हणणं.

"आबा, पैसं घ्यायला पिन लागत न्हाई," शिवांजली म्हणाली.

"अगं, फौजेचं खातं येगळं असतं. सर सांगत्यात न्हवं?"

"पण आजवर कवाच..."

"फौजेतला माणूस हाय, पोरी. टाक."

तिने टाकला. फोन एकदा थरथरला. कांडप यंत्रासाठी साठवलेलं सगळं खात्यातून गेलं होतं. तिने पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग नुसताच फोन वर धरून सासऱ्यांना दाखवला. लालासाहेबांनी मेजरला 'सर, सर' अशा हाका मारल्या. लाइन केव्हाच तुटली होती. तरी ते तसेच उभे होते, टाचा जुळवून. विश्रामचा हुकूम कुणी दिला नव्हता.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारा हवालदार त्यांना म्हणाला, "आजोबा, त्यो फौजी न्हाई न् काय न्हाई. असली लय झाल्यात आता."

हे ऐकून लालासाहेबांचा जीव भांड्यात पडला. पैसे गेले ते गेले, पण फौजेतला माणूस खोटं बोलला नव्हता. परतीच्या वाटेवर त्यांनी हे सुनेला पुन्हा पुन्हा सांगितलं. शिवांजलीला भयंकर राग आला. यंत्र तिचं बुडालं आणि यांना फौजेची अब्रू वाचल्याचा आनंद. पण 'मी सांगत होते' हे वाक्य तिने गिळलं. पुढचे काही दिवस भाकऱ्या तेवढ्या जोरात थापल्या.

त्या दिवशी घराच्या दारात मात्र लालासाहेब थांबले.

"शिवतेजला यातलं काय बोलू नगंस. बॉर्डरवर हाय त्यो. डोक्याला ताप कशाला?"

तिने मान हलवली. नवऱ्याच्या डोक्याला ताप नको, हे तिलाही पटत होतं. पण मुलापुढे आपण उघडे पडू, याची सासऱ्यांना जास्त भीती आहे, हेही तिला दिसत होतं.

दिवाळी तोंडावर आली. पुण्याच्या बायकांनी फराळासोबत मसाला मागवला आणि शिवांजली पुन्हा पाटा-वरवंट्याला लागली. अशाच एका दुपारी दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर धुळीने माखलेला, हातात कापडी पिशवी.

"सुभेदार लालासाहेबांचं घर ह्येच का?"

"व्हय. मीच त्यो," लालासाहेब म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"म्हंजे खरंच हायसा तुमी."

ती तासगावची शालूबाई. घरचा बेदाणा मोबाइलवरून विकायची. एसट्या बदलत, विचारत विचारत आली होती. बनुबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याला तिने हात लावला नाही.

"बेदाणा भरून ठेवलाय तुमच्या कँटीनचा," ती म्हणाली. "न्यायला कुणी आलं न्हाई. माल नगं तर नगं. माझं पैसं तेवढं परत द्या. मी भांडायला आली न्हाई."

लालासाहेबांना काहीच उमगेना. तिने मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. शिवांजलीने लांबूनच ओळखलं. बेरेट, पदकं, काचेवर पडलेला उजेड, आणि कोपऱ्यात फोटो काढणाऱ्या तिच्याच हाताची अंधूक सावली. खाली कार्ड होतं, नावासकट, गावासकट. त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'जय हिंद, बहनजी.'

 तो फोटो तिनेच काढला होता, तिनेच पाठवला होता.

"मालक म्हणत हुतं, नगं नादाला लागू," शालूबाई सांगत होती. "मीच म्हणलं, आवं, फोटो बघा की. फौजेतला माणूस हाय."

लालासाहेब खाली बसले. मागे खुर्ची होती, ती त्यांना दिसलीच नाही. ओसरीच्या कडेला, चपलांशेजारी बसले. 

"मावशी, आमालाबी असंच फसवलंय," शिवांजली घाईने म्हणाली. "ठाण्यात तक्रार हाय आमची. तुमाला दावते."

"आसंल, बाई. पण फोटो ह्यांचा हाय."

 बनुबाई तांब्या तसाच धरून उभ्या होत्या. आणखी किती घरांत हा फोटो पोचला असेल, हा विचार शिवांजलीच्या मनात आला आणि तिने सासऱ्यांकडे बघायचं टाळलं.

मग लालासाहेब उठले. आत गेले, भिंतीवरची तसबीर काढली आणि बाहेर आले. अंगात बनियन, कमरेला लुंगी. तसबीर त्यांनी छातीशी धरली, काच बाहेर करून.

"शिवांजली, व्हिडिओ काढ."

"आबा, आत्ता कशाला? निदान सदरा तरी घाला."

"असाच काढ."

तिने फोन उचलला. लालासाहेबांनी टाचा जुळवल्या.

"मी निवृत्त सुभेदार लालासाहेब. ह्यो फोटो माझाच हाय. ह्यो दावून कुणी पैसं मागितलं, तर देऊ नका." त्यांनी तसबीर जरा वर उचलली.  "ह्या माणसावर इश्वास ठेवू नका."

शालूबाईने बनुबाईंच्या हातातून तांब्या घेतला आणि ती पाणी प्यायली.

शिवांजलीला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिने मनगटाने डोळे पुसले.

"कुणाकुणाला धाडू, आबा?"

"सगळ्यांस्नी. तुझ्या पुण्याच्या बायकांस्नीबी." तसबीर अजून छातीशीच होती. "आन् आदी शिवतेजला."