बर्फाची आगोट

भिवंडीहून दिघाशीच्या वाटेला लागलात की डाव्या हाताला एक भाताचं खाचर दिसतं. त्यात बांबूच्या टोकाला हिरव्या लोकरीने टांगलेली, वाऱ्यावर गरगर फिरणारी चकती दिसली, तर ती मी. मी एक सीडी बोलतेय. पाखरं हाकलायचं काम हल्ली नशिबी आलं, मूळची मी गेमची सीडी आहे. माझ्या पोटात एक अख्खं गाव होतं आणि त्या गावापायी केसरीनाथ नावाचा माणूस जेवायला उठायचा नाही. तो माणूस आज माझ्यासमोरच उभा आहे, पण पाठ माझ्याकडे आणि तोंड लोंब्यांकडे. माझा किती जळफळाट होत असेल, तुम्हीच सांगा.

माझा जन्म कामतघरचा. यंत्रमागांच्या खडखडाटात बुद्धभूषणचं सीडी भाड्याने द्यायचं छोटं दुकान होतं. त्याने मला कॉम्प्युटरमधून भरून काढलं आणि मार्करने अंगावर एकच शब्द लिहिला, 'गाव'. शेजारच्या सीड्यांना चकचकीत कव्हरं, कुणावर लाल गाडी, कुणावर बंदूकवाला. मला पांढरं पाकीट. जळायची सवय मला तिथूनच लागली.

शुक्रवारी माग बंद, म्हणून त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाई, कोई मारधाडवाला दो." बुद्धभूषणचा हात दर वेळी आधी माझ्याकडे यायचा. एखाद्या वैद्याने औषध सुचवावं तसा तो गेम सुचवायचा.

"ये लेके देखो. पुराना जमाना है, ठंडा मुल्क. मुट्ठीभर लोग हैं. उनको घर बना के दो, खेत लगाओ, सर्दी में जिंदा रखो. बच गए तो गाँव का शहर बनता है."

"इसमें गोली चलती है?"

"नहीं."

"फिर रहने दो."

आणि लाल गाडीवाली माझ्या डोळ्यांदेखत मिरवत बाहेर जायची. आठवडाभर ती घरोघर पाहुणचार घेऊन परत यायची, मी आपली फळीवर धूळ खात. त्या बाईने माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं, तरी तिला चरे पडावेत असं मला रोज वाटायचं.

दिवाळीनंतर एक मुलगी आली. वळ गावची उन्नती, कॉलेजात शिकणारी. तिला वडलांसाठी गेम हवा होता. बुद्धभूषण हसला नाही. त्याने विचारलं, "आधी काय करायचे?"

"शेती. पण वळची सगळी जमीन गोदामांना गेली. आता भाडं येतं, पप्पा टीव्हीपुढे बसून असतात. दिघाशीकडे एक शेत उरलंय, तेही गोदामाला मागतायत. पप्पा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. बोलतच नाहीत. घरात कॉम्प्युटर आहे, म्हटलं बघू."

बुद्धभूषणने वर हात केला आणि मला काढलं. "हा दे त्यांना, विकतच घे. यात माणसांना भूक लागते," तो म्हणाला.

अशी मी वळला नांदायला आले. दोन मजली घर, खाली फरशी, खिडकीतून बघावं तिकडे गोदामांचे पत्रे. केसरीनाथ लुंगी-बनियनवर खुर्चीत बसला. मला बोटात धरून त्याने उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ही चकती काय करते गो?"

उन्नतीने त्याला माउस धरायला शिकवलं. पडद्यावर नदी आली, रान आलं, काही माणसं आली. माणसांना नावं देता येतात म्हटल्यावर त्याने तिला वळच्या जुन्या माणसांची नावं टाकायला लावली. पहिलं धोंडूबाई, दुसरं दाजी. दोघं कधीच गेलेली, पण त्याच्या बापाच्या शेतात राबलेली. धोंडूबाई पडद्यावर कुऱ्हाड घेऊन चालायला लागली तसा तो पुढे सरकून बसला. त्या क्षणी मी त्याच्यावर जीव टाकला, लपवण्यासारखं काही नाही.

घरात एकच कॉम्प्युटर आणि त्याला सीडीचा एकच खण. सार्थकची, म्हणजे उन्नतीच्या भावाची, लाल गाडीवाली तिथे आधीपासून ठाण मांडून होती. दुकानातलीचीच जुळी, पण विकत घेतलेली. आता खण उघडला की ती बाहेर आणि मी आत. सार्थक कुरकुरायचा, "पप्पा, किती वेळ?" केसरीनाथ म्हणायचा, "थांब रं, कौलं शाकारून घेतंय." मला इतका आनंद व्हायचा की मी आत जरा जास्तच घरघरायचे.

त्याची बायको विनिता मात्र दारात उभी राहून बघायची. ताट गार व्हायचं. एकदा ती मुलीला म्हणाली, "सवत आणलीस गो माझ्या घरात." मी पाकिटात पडल्या पडल्या ऐकलं आणि मनातून सुखावले. जळणारं दुसरं कुणीतरी भेटलं होतं.

पहिल्या वर्षी मात्र त्याने घोळ घातला. या भागातली माणसं पावसाळ्याच्या तोंडाशी घर भरून ठेवतात. सुकट, बोंबील, लाकडं, कांदे, चिंच. त्याला म्हणतात आगोट. केसरीनाथच्या हाडात ती आगोट भिनलेली. पडद्यावर मे महिना दिसला तसं त्याने सगळ्या गावाला कामाला जुंपलं. लाकडं फोडून घेतली, नदीची मासळी वाळवली, छपरं दुरुस्त केली. मग जून, जुलै आरामात बसून खाल्लं. पाऊस काही आला नाही, आलं ते छान ऊन. पुढे पीक निघालं, तर त्याने अर्धंअधिक विकून देऊळ बांधायला काढलं.

"थंडीत कसली काळजी?" तो म्हणाला. "थंडी म्हंजे लग्नं नि जत्रा."

आणि बर्फ पडलं. त्याने जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं, त्याला आधी वाटलं पडद्यात बिघाड झाला. लाकूड संपलं, मग धान्य. दाजी दारातच गारठला. धोंडूबाई अर्ध्या बांधलेल्या देवळापाशी पडली. केसरीनाथने चष्मा काढला आणि उठून गेला.

पुढे काही दिवस तो माझ्याकडे फिरकला नाही. गाडीवाली आत घरघरत होती आणि मी टेबलावर चहाच्या कपाखाली. कपाखाली हो. मला वाटलं, संपलं आपलं. पण एका सकाळी त्याने कप उचलला, मला बनियनला पुसलं आणि आपल्याशीच म्हणाला, "आगोट हाय. फक्त बर्फाची हाय. दिवाळीच्या आधी भराला लागल."

मग काय विचारता. त्याने गाव पहिल्यापासून लावलं, धोंडूबाई आणि दाजी पुन्हा चालायला लागले. तो शिकला. बी वेगळं काढून ठेवायला लागला, म्हाताऱ्यांना चुलीजवळचं घर द्यायला लागला. पडद्यावर पानं पिवळी पडली की तो खुर्चीत वाकून विचारायचा, "आगोट झाली का गो?" विचारायचा धोंडूबाईला, पण ती माझ्या पोटातली, म्हणजे मलाच विचारल्यासारखं. लोक वाढले, गल्ल्या झाल्या, बाजार भरला. जेवताना तो बोलायला लागला. विनिताला सांगायचा, यंदा गहू बरा झाला. ती म्हणायची, "बघू, एक पोळी तरी येते का त्याची."

मधे उन्नतीने बुद्धभूषणच्याच सांगण्यावरून एक नवी आणली. किल्लेवाली. अंगावर सोनेरी बुरूज छापलेले, नखरा तर विचारू नका. केसरीनाथने ती एक दिवस चालवली, घोडेस्वार हलवले, भिंती बांधल्या आणि मान हलवली. "यांची चूल कुठं हाय? नुसती लढतात. जेवतात कवा?" मी परत खणात गेले. किल्लेवालीने टेबलावर तोंड फिरवलं.

वैशाखात दौलत आला. जमिनीचे व्यवहार जुळवणारा, गावातलाच, लाघवी माणूस. दिघाशीच्या शेताचे कागद त्याने बरोबर आणले होते, अक्षय्य तृतीयेला सह्या करायच्या होत्या. केसरीनाथ माझ्यापुढेच होता. विनिताने चहा दिला. दौलतने पडद्यावर बोट ठेवलं.

"काका, सपाट जागेत ही शेतं कशाला अडवून ठेवली? इथं कोठारं टाका. मोठमोठी. आपल्या वळला बघा, शेतं गेली नि घरं उभी राहिली."

केसरीनाथने माउस पुढे ओढला. त्याने खरंच शेतं मोडली. एकेक करून सगळी. त्या जागी लांबच लांब कोठारं उभी केली. पुढे काय होणार ते माझ्यावरच लिहिलेलं होतं, पण सांगणार कशी?

"आता कसं शोभतंय," दौलत म्हणाला.

पानं पिवळी पडली. केसरीनाथने कोठारांवर एकेक टिचकी मारली. रिकामी, सगळी रिकामी. बर्फ सुरू झालं तेव्हा दौलतचा चहा अर्धाच प्यायलेला होता. आधी दाजी गेला. मग धोंडूबाई कोठाराच्या दाराला टेकून बसली ती उठलीच नाही.

"दौलत, कोठारं मोठी हायत ना?"

"मोठी हायत की."

"मंग त्यांत काय ठेवू?"

दौलत हसला. "काका, हा गेम हाय. खरं गोदाम बाहेरच्या मालानं भरतं. तुम्हाला भाडं येतं."

"येतं. न्हाय कोण म्हणतं?" केसरीनाथ पडद्याकडेच बघत होता. "ही धोंडूबाई दिघाशीच्या शेतात लावणीला पहिली मूठ लावाची. दोनदा मारली मी हिला. एकदा न कळून नि आता कळून." मग त्याने कागद उचलून दौलतच्या हातात दिले. "ते शेत न्हाय द्याचं."

दौलत गेला. विनिता भिंतीला टेकून उभी होती, तिने पदर डोळ्यांना लावला. आणि मी? मी फुशारले. हे मी केलं होतं. कुठल्या गाडीवालीची छाती होती का हे करायची? आता हा मला पुन्हा पहिल्यापासून लावणार, धोंडूबाईला पुन्हा चालवणार, अशी मी वाट बघत राहिले.

त्याने बटण दाबलं, खण उघडला, मला पाकिटात घातलं. दुसऱ्या सकाळी तो दिघाशीला राब भाजायला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला गेला. मग पेरणी, मग लावणी. संध्याकाळी चिखलाने भरलेले पाय घेऊन यायचा आणि माझ्या खोलीच्या दारावरून सरळ न्हाणीकडे. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्या शेताने काय केलं होतं त्याच्यासाठी? वर्षानुवर्षं पडीक पडून होतं. त्याला बोलतं केलं मी, आणि मिरवतेय ती चिखलाची बया. तिचा राग राग करण्यात माझा पावसाळा गेला.

भाताच्या लोंब्यांत दाणा धरला तशी पाखरं पडायला लागली. विनिताने घरातल्या जुन्या सीड्या गोळा केल्या. गाडीवालीला उन्नतीने गच्चीवर कपबशी ठेवायला नेलं, तेवढं एक बरं झालं. मला विनिताने इथे आणलं, भोकातून हिरवी लोकर ओवली आणि गाठ मारताना हळूच म्हणाली, "ये बाई. तुझं माझं एकच झालं. तो गेला या शेताचा होऊन."

तेव्हापासून मी इथे आहे. उन्हाने मार्कर पुसट झालाय, अंगाला चिरा गेल्यात, माझ्यातलं गाव आता कुठल्याच खणात उघडणार नाही. सवतीचं पीक राखते, आणि खरं सांगते, मनापासून नाही राखत. पण तुमच्या घरात असं कुणी गप्प बसलेलं असेल, तर दुकानात जाऊन सोनेरी बुरूजवाली मागू नका. जिच्यातल्या माणसांना भूक लागते, थंडी वाजते, ती मागा. पांढऱ्या पाकिटात असेल.

आता केसरीनाथ बांधावरून परत फिरलाय. माझ्यापाशी थांबलाय. लोंबीची साळ दाताखाली फोडून बघतोय. मला दोन बोटांत धरून त्याने वळवलं, पुसट अक्षरं वाचली आणि बनियनला पुसलं, पूर्वीसारखं.

"आगोट झाली का गो?" तो म्हणाला.

बांधाकडे चिमण्यांचा थवा उतरतोय. थांबा जरा, तेवढा उडवून येते.