सुखधाम विहारात पाणी आलंच नाही

शेवंताबाईंना फुकटचा चुना मिळाला तेव्हाच त्यांनी ओळखायला हवं होतं. पण माणूस सणाच्या गडबडीत असला की त्याला फुकटाचं कौतुक वाटतं, संशय येत नाही. घटस्थापना तोंडावर आलेली, पुराचं पाणी नुकतंच उतरलेलं, घराच्या भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर गढूळ पाण्याची तांबूस रेघ. आणि कॉलनीचे प्लॉट विकणारे चौधरीसाहेब स्वतः जीपमधून चुन्याच्या गोण्या घेऊन दारात हजर. "भाभीजी, नवरात्रे आ रहे हैं. घर चमका लीजिए." शेवंताबाईंनी पदर खोचला आणि घर असं पांढरं काढलं की रेघ कुठे होती हे सांगूनसुद्धा कुणाला पटलं नसतं. वर त्या चौधरीला चहा पाजला. आलं घालून.

त्यांचे यजमान संपतराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उभा संसार दिल्ली कॅन्टोनमेंटच्या आणि कुठकुठल्या सरकारी क्वार्टरांत गेला. नळ गळला, अर्ज द्या. तावदान फुटलं, अर्ज द्या. स्वतःचं घर म्हणजे काय प्रकरण असतं, ते नवरा-बायकोला ठाऊकच नव्हतं. मग दिल्लीच्या आजूबाजूला जिकडेतिकडे कॉलन्या उगवायला लागल्या. परदेशी कंपन्या येणार, चौपदरी रस्ता येणार, असा नुसता गाजावाजा. संपतरावांनी निवृत्तीचा सगळा पैसा हिंडन नदीकाठच्या सुखधाम विहारात ओतला. कालपरवापर्यंत तिथे भाताची खाचरं होती. खाचरात भात का लावतात, हा साधा प्रश्न या शेतकऱ्याच्या पोराला तेव्हा पडला नाही. बायकोलाही पडला नाही म्हणा.

घर दोन खोल्यांचं. जमिनीवर अजून नुसत्या विटा अंथरलेल्या. फरशी पुढच्या वर्षी घालू, असं ठरलेलं. मागच्या खोलीत सून प्रणिता झोपायची. तिला सातवा महिना. नवरा, म्हणजे यशराज, फौजेतच, आसामात. पूर उतरल्यापासून त्या खोलीच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता. आधी नखाने ओरखडा काढावा एवढा. मग त्यात पेन्सिल मावू लागली, मग बोट. भिंत बाहेरच्या अंगाला कलत होती. खाट पुढे सरकवली, पण पुढे सरकवून सरकवणार किती? शेवंताबाई रात्री उठून तड्यात बोट घालून बघायच्या.

भिंत पाडून नीट पायापासून बांधायची तर हातात दमडी नाही. एकच वाट होती. सरकारने पूरग्रस्तांना घरदुरुस्तीसाठी कमी व्याजाचं कर्ज जाहीर केलं होतं. संपतराव इस्त्रीचा शर्ट घालून तहसिलीत गेले आणि सरळ विचारलं, "हमारा इलाका इसमें आता है कि नहीं?" कारकून म्हणाला, नदीला लागून असलेली गावं आली आहेत. तुमची कॉलनी आली नाही, गेलीही नाही. साहेब बघायला येतील. पाणी शिरल्याची खूण दिसली आणि गल्लीतल्या आणखी दोन घरांनी सह्या दिल्या, तर इलाका पूरग्रस्त धरला जाईल. कर्ज घराला नसतं, इलाक्याला असतं.

"खूण?" शेवंताबाईंनी पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला. "अहो, खूण तर मी पुसली. या हातांनी."

"अगं, सह्या आहेत की," संपतराव म्हणाले. "सगळी गल्ली बुडाली होती. कोण नाही म्हणेल?"

सरकारी कागदावर आणि शेजाऱ्यांवर या माणसाचा असा काही विश्वास की बघणाऱ्याला माया यावी आणि रागही यावा.

घट बसले ते देवाच्या कोपऱ्यात, विटांवर पत्रावळ ठेवून, काळ्या मातीत गहू पेरून. मध्ये मातीचा घट, त्यावर नारळ, शेजारी अखंड दिवा. तिसऱ्या माळेलाच कोंब वर आले. पाचव्या माळेला वीतभर झाले. शेवंताबाईंचा ऊर भरून आला. धान जितकं उंच, तितकी घराची भरभराट, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. देवीने डोळे उघडले म्हणायचे. त्यांनी प्रणिताला हाक मारून दाखवलं.

प्रणिता दाराला टेकून बघत राहिली. पोरगी मोजकंच बोलायची. "आई, तुम्ही याला पाणी कधी घातलंत?"

"रोज घालते की."

"परवापासून तुम्ही नाही घातलं. तुमचे गुडघे दुखतात म्हणून मी घालणार होते, तर माती ओलीच होती. मग मीही नाही घातलं."

शेवंताबाईंनी मातीत बोट खुपसलं. चिखल. वरून कुणी थेंब टाकला नव्हता आणि खाली चिखल होता. त्यांनी हात पदराला पुसला आणि त्या दिवशी आरती म्हणताना त्यांचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही. पाणी उतरलं, उतरलं म्हणून सगळे म्हणत होते. ते गेलं कुठे होतं?

साहेब आले अष्टमीला. मऊ आवाजाचा, दमलेला माणूस, हातात रुमाल. सोबत चौधरी. जीपही चौधरीचीच. साहेबांनी पांढऱ्याफेक भिंती पाहिल्या. मागच्या खोलीतला तडा पाहिला. चौधरी हसून म्हणाला, "नया मकान है साहब, बैठता ही है."

"पानी आया था," संपतराव म्हणाले. "कमर तक."

"निशान तो नहीं है, सुभेदारसाहब."

देवाच्या कोपऱ्यापाशी साहेब थबकले, बूट बाहेरच ठेवून. धान एव्हाना नारळाच्या वर गेलेलं. त्यांनी हात जोडले. "माता की बड़ी कृपा है इस घर पर."

घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो. हलवला तर घरातल्या कर्त्या पोराच्या जिवावर येतं, असं शेवंताबाईंची सासू सांगायची, आणि यशराज तिकडे आसामात बंदूक घेऊन उभा. पण इकडे सुनेच्या पोटात त्याचंच लेकरू. त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग वाकल्या, दोन्ही हातांनी घट धरला आणि ओढला. तो सहजासहजी निघेना. पत्रावळ कुजून तो विटांमध्ये रुतून बसला होता. निघाला तेव्हा खालची वीट त्याच्याबरोबर वर आली आणि त्या खळग्यात पाणी भरलं. काळं, थंड, हळूहळू काठापर्यंत. दिवा विझला.

"ये रहा निशान," शेवंताबाई म्हणाल्या.

साहेबांनी वाकून त्या पाण्यात बोट बुडवलं आणि रुमालाला पुसलं. माणूस वाईट नव्हता. ते चौधरीकडे न बघता म्हणाले, "माताजी, मैं मान गया. पर एक घर से इलाका नहीं बनता. दो घर और बोल दें, मैं यहीं खड़ा हूँ."

दोनच घरं. शेवंताबाई अनवाणी बाहेर पडल्या, हात तसेच चिखलाने भरलेले. समोर चंद्रप्रभा राहायची, भरल्या पुरात जिच्या पोरीला शेवंताबाईंनी खांद्यावर घेऊन गच्चीवर नेलं होतं. चंद्रप्रभाने दार अर्धंच उघडलं. तिच्या साडीचा काठ ओला होता. मागे कोपऱ्यात तिच्या देवीपुढे जव पेरलेले, आणि ते जव शेवंताबाईंच्या धानापेक्षा हातभर उंच होते.

"चंद्रप्रभा, साहब पूछ रहे हैं. पानी आया था ना?"

चंद्रप्रभाने त्यांच्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे चौधरी जीपला टेकून उभा होता. कॉलनी पूरग्रस्त ठरली तर वीज मिळणार नाही, कुठली बँक दारात उभी करणार नाही, उद्या बुलडोझर आला तर मला विचारू नका, असं तो घरोघर सांगून गेला होता. फक्त या मराठी घरी सांगितलं नव्हतं. फौजी माणूस, ऐकणार नाही, हे त्याने ताडलं होतं.

"नहीं भाभीजी," चंद्रप्रभा म्हणाली. "हमारे यहाँ तो बूँद भी नहीं आया."

पुढच्या दारातही तेच. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक घरात भिंती पांढऱ्याशुभ्र, आणि प्रत्येक कोपऱ्यात जव उंच, गर्द, हिरवेगार. कुणी डोळ्याला डोळा देत नव्हतं. शेवंताबाईंना आधी संताप आला, मग भीती वाटायला लागली. हे लोक खोटं बोलत होते याचं एवढं काही नाही. त्यांना सगळ्यांना सगळं माहीत होतं, याची भीती.

साहेबांनी जाताना संपतरावांना नमस्कार केला. कागदावर काय लिहिलं ते सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी संपतराव बाजारात गेले आणि फोन बूथवरून भाऊसाहेबांना फोन लावला. भाऊसाहेब त्यांच्याच पलटणीतले, वयाने धाकटे, अजून नोकरीत, कॅन्टोनमेंटात क्वार्टर. "वहिनी आणि प्रणिताला पाठवा, दादा," ते म्हणाले. "सकाळी टेम्पो धाडतो. तुम्हीही या."

"मी राहतो," संपतराव घरी येऊन म्हणाले. "घर टाकून गेलो तर चौधरी कुलूप ठोकील. उभ्या जन्माची कमाई आहे ती, शेवंता."

"आणि भिंत?"

"मी पुढच्या खोलीत झोपेन."

त्या भांडल्या, रडल्या, जेवणार नाही म्हणाल्या. सुभेदार हटले नाहीत.

नवमीला सकाळी टेम्पो आला. खाट चढली, ट्रंक चढली, प्रणिताला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. शेवंताबाई मागे चढणार, तोच समोरचं दार उघडलं. चंद्रप्रभा आली, पोरीचा हात धरून. पोरीच्या डोक्यावर लाल चुनरी, कपाळाला टिळा. त्या दिवशी तिकडे घरोघर लहान मुलींना देवी मानून जेवू घालतात, पाय धुतात, आणि तासाभराने हातावर पैसे ठेवून परत पाठवतात.

"भाभीजी, कंजक है," चंद्रप्रभा म्हणाली. "अपने यहाँ बिठा लीजिए."

मागून आणखी दारं उघडली. एकेक करून बायका पोरींना घेऊन आल्या. सगळ्यांना लाल चुनऱ्या. आणि सगळ्यांच्या पाठीवर दप्तरं, हातात गाठोडी. एकीच्या गाठोड्यातून लोकरीचा स्वेटर बाहेर आला होता. थंडी अजून कितीतरी लांब होती.

शेवंताबाईंच्या ओठांवर आलं होतं, काल काय म्हणालात? बूँद भी नहीं ना? मग आज हे काय? त्यांना ओरडावंसं वाटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पण चंद्रप्रभाची पोर त्यांच्याकडे बघत होती, पुरात खांद्यावरून बघत होती तशीच.

"कब तक बिठाऊँ?" त्यांनी विचारलं.

चंद्रप्रभाने मान खाली घातली. "जब तक आप रख सकें."

शेवंताबाईंनी ट्रंक मागे रेटली आणि जागा केली. मुली एकामागून एक चढल्या, खाटेच्या कडेला आणि मागच्या फळीवर दाटीने बसल्या. खाली बायका पुढे झाल्या. टेम्पोच्या फळीवरून लोंबणाऱ्या पोरींच्या पायांना एकेकीने हात लावला, डोक्याला लावला.

टेम्पो निघाला. वळणावरून शेवंताबाईंनी मागे पाहिलं. बायका आपापल्या पांढऱ्या घरांत परत चालल्या होत्या. संपतराव थोडा वेळ दारात उभे राहिले, मग तेही आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.