उभा छेद

पद्माबाईच्या बेंबीखालच्या उभ्या व्रणावर मुठीएवढा फुगवटा आला होता. सहा वर्षं तिनं तो कुणाला दाखवला नाही. जुन्या लुगड्याचा पट्टा पोटावर आवळून बांधायची आणि साखरा गावाच्या शिवारात निंदायला, हळद काढायला जायची. खोकला आला की दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. यंदा उकडलेल्या हळदीची पाटी उचलताना ती मटकन खालीच बसली, तेव्हा नवरा जळबानं लेकीला फोन लावला. लेक संध्या जवळच्याच गोरेगावला शाळेत शिकवते.

संध्यानं आईला हिंगोलीला सर्जन डॉ. रविंद्र यांच्याकडं नेलं. हर्निया आहे, ते म्हणाले. जुन्या टाक्यांच्या जागी पोटाची भिंत सैल पडली आहे, जाळी बसवावी लागेल. व्रण संध्याच्याच जन्माच्या वेळचा होता.

ऑपरेशनची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. त्या आठ दिवसांत संध्यानं मोबाइलवर बरंच वाचून काढलं. सिझेरियनला पोट आडवं कापलं तर हर्निया क्वचित होतो. तिच्या दोन मैत्रिणींचं तसंच झालं होतं, साडीखाली झाकून जाणारी एक रेघ. मग आईचं पोट उभं काहून कापलं? मजुरी करणारी बाई, कोण विचारायला येणार, म्हणून उरकून टाकलं असणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं. दाखल व्हायच्या दिवशी तिनं ते डॉक्टरांना तोंडावर विचारलं.

डॉक्टरांना राग आला नाही. कागदावर पोटाचं चित्र काढून त्यांनी दोन रेघा ओढल्या. आडवा छेद एकेक थर सोडवत घ्यावा लागतो, वेळ जातो. पण तो भरून चांगला येतो, उठता-बसता दुखतं कमी. उभा छेद पोटाच्या मधोमध. तिथं स्नायू आड येत नाहीत, रक्त कमी जातं, झटकन आत पोचता येतं, आणि गरज पडली तर वर वाढवता येतो. पुढं जाऊन दगा देतो तोही हाच.

"जिवावरची घाई असेल तर मी आजही उभाच घेतो," ते म्हणाले. "त्या वेळचा काही कागद आहे?"

पद्माबाईनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. इंग्रजीतलं असल्यानं तिला ते कधी वाचता आलं नव्हतं, आणि संध्यानं कधी मागितलं नव्हतं. डॉक्टरांनी मराठी करून वाचून दाखवलं. वार, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणारी गादी, वेळेआधी सुटलेली. आत रक्तस्राव. आईची नाडी हाताला लागत नाही. उभा छेद. चौथ्या मिनिटाला मुलगी बाहेर, रडली नाही. त्याखाली वेगळ्या शाईत एकच शब्द होता, रडली. मग सही, डॉ. रतनसिंग.

"आडव्याला आणखी काही मिनिटं गेली असती," डॉ. रविंद्र म्हणाले. "तेवढी तुम्हा दोघींकडं नव्हती."

संध्यानं कार्ड हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. पद्माबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "मला जीपमधून उतरवलं एवढंच याद हाय. जागी झाले तं तू बाजूला," ती म्हणाली.

ऑपरेशनला दोन तास लागले. तिसऱ्या दिवशी पद्माबाई वऱ्हांड्यात चालायला लागली. टाके काढायच्या दिवशी रतनसिंग डॉक्टरांना भेटायचं तिनं मनावर घेतलं. ते निवृत्त होऊन हिंगोलीतच राहत होते. डॉ. रविंद्रांनी पत्ता दिला आणि जळबाला घेऊन तिघं गेले.

म्हाताऱ्या डॉक्टरांना काही आठवेना. त्यांनी चष्मा लावून कार्ड दोनदा वाचलं. त्या काळी टाक्यांना चांगला धागा मिळत नव्हता, असं ते हळूच म्हणाले; तुम्हाला इतकी वर्षं तकलीफ झाली.

"तकलीफ कशाची, साहेब. तुमी व्हते म्हून आमी दोघी हाव," पद्माबाई म्हणाली.

आठ दिवस आपण त्यांच्यावर राग धरला होता, हे संध्यानं सांगून टाकलं आणि हात जोडले. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही, कारण ते तिच्याकडं निरखून बघत होते. तिला चालायला उशिरा आलं होतं का, बोलायला अडचण झाली का, असं त्यांनी जळबाला विचारलं. उशिरा रडलेल्या लेकराची धास्ती वाटते, आणि पुढं काय झालं ते सांगायला कुणी परत येत नाही, ते म्हणाले.

"शाळेत पहिली यायची," जळबा म्हणाला. "आता शिकवून राहिली."

रतनसिंग डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि कुणी न सांगता चहा टाकायला आत गेले. कपबश्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

परतताना संध्यानं आईला जीपमध्ये पुढं बसवलं आणि ड्रायव्हरला खड्डे बघून सावकाश चालव म्हणून सांगितलं. सेनगावपर्यंत पद्माबाई त्या चहाबद्दलच बोलत होती. साखर जास्त पडली होती, तरी तिनं सगळा प्यायला.