दोन नंबरची डिस्क

स्कॅन सेंटरच्या दारात आज पेशंटांपेक्षा बघेच जास्त. आत महाराजांनी कॉम्प्युटरवर काळं कापड टाकलं, कापडाखाली हात घातला आणि गुरगुरले, "सोड बाबा, फायली सोड." मशीन बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि सकाळपासून रिकामा असलेला फोल्डर जुन्या स्कॅननी भरला. डॉक्टरांनीसुद्धा हात जोडले. शिकलेल्यांनीच हात जोडल्यावर बाकीच्यांचं काय विचारता!

काउंटरवरच्या वहिनींना बाहेर उभं केलं होतं. इथला टेक्निशियन म्हणजे त्यांचा नवरा. त्याला जाऊन आठ महिने झाले. महाराजांनी निदान केलं होतं, "त्याचा जीव बायकोत अडकलाय. ती आली की तो फायली पोटाशी धरून बसतो. तिला आजच कामावरून काढा." आणि खरंच, वहिनींच्या सुट्टीच्या दिवशी फायली जागच्या जागी असत. नोकरी जाणार याची वहिनींना धास्ती होती. पण तो अजून इथंच आहे या विचाराने बरंही वाटत होतं.

वडिलांचा जुना स्कॅन न्यायला आलेली, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी एक बाई हे बघत होती. तिने विचारलं, "वहिनी, तुम्ही आलात की मशीनमध्ये काय बदलतं?"

वहिनी ओशाळल्या. "मशीन चालू करायच्या आधी यांचा पेनड्राइव्ह मागे लावते. यांच्या आवाजातली गाणी आहेत. महाराज येऊन गेले की तो टेबलामागे पडलेला असतो. मला वाटायचं, सैल झालाय."

बाईंनी पेनड्राइव्ह लावून मशीन पुन्हा सुरू केलं. फोल्डर रिकामा. काढून सुरू केलं. स्कॅन हजर. ना कापड, ना गुरगुर. महाराजांना तेवढ्यात दुसरीकडचं बोलावणं आठवलं. पूर्वी ते प्रिंटर दुरुस्त करत, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"सुरू होताना मशीन एक यादी वाचतं," बाई म्हणाल्या. "त्यात लिहिलंय, दोन नंबरची डिस्क या फोल्डरला जोड. पेनड्राइव्ह लावला की दोन नंबर तोच पटकावतो. त्याची मांडणी वेगळी, म्हणून तोही जोडला जात नाही आणि स्कॅनची डिस्कही जोडली जात नाही. स्कॅन मात्र तिच्यात सुखरूप असतात. नंबराऐवजी डिस्कची स्वतःची ओळखखूण लिहिली की झालं."

"यादी कुणी लिहिली?" डॉक्टरांनी विचारलं.

"यांनीच," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा डिस्क दोनच होत्या." मग हळूच, "म्हणजे ते इथं नव्हतेच."

"नव्हते, वहिनी."

वहिनींना रडू आवरेना. आठ महिन्यांत त्यांचा माणूस दुसऱ्यांदा गेला होता.

बाईंनी यादीतली ओळ बदलली आणि पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं. स्कॅन आले, गाणीही आली. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं."

"त्या कापडाला हात जोडलेत, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "त्याआधी मला एकदा विचारायचं तरी. मशीनच्या मागे मी काय लावते, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."