कुणाकडूनच न आलेलं अक्षर

खिडकीच्या काचेभोवतीच्या काळ्या रबराचं एक टोक निसटलेलं आहे आणि समीक्षा ते बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते — नांदेडचं बसस्थानक सुटल्यापासून हेच — आणि शिवानी तिचा हात धरत नाही, कारण गुंडाळणं हे सहा वर्षांच्या या पोरीला मागच्या उन्हाळ्यात जमायला लागलं, त्याआधी बोटं नुसतीच हवेत… सकाळी दवाखान्यात डॉक्टर शिल्पा मॅडमनीही असंच केलं होतं. टेबलावर शिवणाचं रीळ ठेवून.

प्रत्येक पेशीत दोन मीटर दोरा, डीएनएचा. मावतो कसा? रिळांवर गुंडाळून. रिळं ज्याची, ते हिस्टोन. साधं हिस्टोन एका पेशीच्या दोन होताना तयार होतं, तेवढ्यापुरतंच. पण त्याचाच एक वेगळा प्रकार आहे, तो जन्मभर तयार होत राहतो, जुना तुकडा निघाला की त्या जागी जाऊन बसतो. मेंदूतल्या पेशी एकीच्या दोन होत नाहीत, म्हणून तिथं वर्षं जातील तसा हाच साचत जातो. आणि या प्रकाराच्या जनुकात समीक्षाचं एक अक्षर बदललंय. एकच. त्यामुळं दोरा जिथं सैल व्हायचा तिथं होत नाही, नको तिथं होतो.

"आणि हे अक्षर तुम्हा दोघांत नाही," मॅडम म्हणाल्या. "आईकडून नाही, वडिलांकडून नाही. हिच्यातच नव्यानं घडलंय."

सोमेशनं खुर्ची पुढं ओढली होती. "मॅडम, आमचं लग्न नात्यातलं हाय. मी बायकोचाच सख्खा मामा."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

संबंध नाही… दोनच शब्द.

लातूरच्या त्या डॉक्टरांनी तरी कुठं काय म्हटलं होतं? चार वर्षांपूर्वी कागदावर लिहिता लिहिता पेन थांबवून विचारलं होतं, नात्यातलं का? एवढंच. पुढचं वाक्य शिवानीनं स्वतः पुरं केलं — त्याच दिवशी, उदगीरला, आईच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. अव्वा, तुझ्या हौसेपायी माझ्या लेकीचं असं झालं. रत्नम्मानं तव्यावरची भाकरी उलटली होती. मग पुढची थापायला घेतली होती.

हौस म्हणजे काय, तर पोरगी परक्या घरी जायला नको. आपल्याच धाकट्या भावाला, सोमेशला दिली की डोळ्यांपुढं राहील. लग्नानंतर वर्षभर शिवानीच्या तोंडून निघायचंच — मामा, चहा — आणि रत्नम्मा पदरात तोंड लपवून हसायची, अगं येडे, आता अहो म्हण की. लातूरनंतर मामा हा शब्द घरातून गेला. अहोही गेलं. ती आता त्याला कशानंच हाक मारत नाही.

उदगीरच्या वाटेवर मुखेडला गाडी दहा मिनिटं थांबते. दवाखान्यातून परस्पर कामावर गेलेल्या सोमेशचा फोन.

"कुठवर पोचलाव?"

"मुखेड."

"मी अक्काला आधी सांगू का?"

"नको."

"मग तू काय सांगणार हाईस?"

"रिपोर्ट."

"रिपोर्टच सांगणार, का —"

"गाडी निघाली," ती म्हणाली. गाडी उभीच होती. कंडक्टर खाली चहा पीत होता.

राग गेला तर काय उरतं? चार वर्षं मी त्या रागावरच उभी होते. दिवाळीला गेले नाही, सोमवारी अव्वाचा फोन आला की सोमेशच्या हातात दिला, "बरे हाव का?" "हाव अक्का," आणि मी कणीक तिंबत राहिले. त्या रागानं मला सकाळी उठवलं, पोरीला व्यायामाला नेलं. मॅडमनी तो दोन शब्दांत काढून घेतला. चार वर्षांत अव्वाच्या मेंदूतली किती रिळं बदलली असतील… दोरा मात्र तोच. त्यावर माझं ते वाक्य.

रत्नम्मा सूप घेऊन ओसरीवर बसली होती, तुरीतले खडे काढत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, केस तेवढे पांढरे झालेले.

"सापडला म्हणायचा रस्ता उदगीरचा," ती म्हणाली. मग नातीकडं बघून हळू, "केवढी झाली गं."

समीक्षा ओळखणार कशी. तिनं सरळ सुपात हात घातला. रत्नम्मानं सूप तिच्याकडं सरकवलं.

शिवानीनं पाणीही न पिता सांगून टाकलं — दोरा, रिळं, अक्षर, सगळं. पाठ केल्यासारखं.

"म्हंजी माझ्यामुळं न्हाई."

"न्हाई."

"सोम्यामुळं?"

"न्हाई."

"मग कुणामुळं?"

"कुणामुळंच न्हाई, अव्वा. आपोआप झालं."

रत्नम्मा हसल्यासारखी झाली. "आन् मी चार वर्षं माझंच पाप समजून सोमवारचं अळणी खाल्लं." तिनं एक खडा अंगणात टाकला. दुसरा शोधू लागली. "आन् तू बोललीस ते?"

"काय?"

"ते बी आपोआपच झालं?"

समीक्षानं मूठभर तुरी ओसरीवर उधळल्या. कुणी तिला अडवलं नाही.

त्या अक्षराला कुणी नव्हतं… आई नाही, बाप नाही, मामा नाही. सकाळपासून शिवानी या रिकाम्या जागेकडं बघत होती आणि तिथं बसायला कुणी सापडत नव्हतं. त्या वाक्याला मात्र होतं. ते कुणाच्या रक्तातून आलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत तिचंच होतं ते. याची लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, जवळजवळ स्वस्थ — एवढ्या सगळ्यात एक चूक तरी तिची होती, आणि तीच एक अशी होती जिच्यापाशी जाता येणार होतं. अजून ती गेली नव्हती. ओसरीवर बसून ती फक्त आपल्यातलं आणि अव्वातलं अंतर बघत होती. ते फार नव्हतं.