शेजारची चकती

सासरेबुवांनी सकाळीच उजव्या पायात बूट चढवला होता. डाव्या पायाला बँडेज, त्यामुळे तो बूट घरीच. दिसेल त्या नर्सला ते सांगत सुटले होते की, आज आपण घरी चाललो. आणि गंमत बघा, ते जाणार की नाही हे खाली लॅबमध्ये त्यांची थोरली सूनच ठरवणार होती.

त्यांच्या जखमेतल्या पूमधून तिने प्लेटवर स्टॅफ नावाचा जंतू वाढवला होता, हॉस्पिटलातला मुरलेला. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तो केव्हाच पचवून बसलेला. क्लिंडामायसिन या औषधात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती मात्र जंतू मेले होते, अगदी गोल गरगरीत रिंगण. सर्जन म्हणालेच होते, ही गोळी चालली तर सुट्टी.

पण एरिथ्रोमायसिनच्या चकतीला जंतू खेटून वाढला होता, आणि तिने नेहमीच्या सवयीने दोन्ही चकत्या प्लेटच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या. तिच्या मनात पाल चुकचुकली. काही स्टॅफमध्ये क्लिंडामायसिनलाही निकामी करणारं एक जीन झोपलेलं असतं. एरिथ्रोमायसिनने डिवचल्याशिवाय ते ताकास तूर लागू देत नाही. तिच्या सासूबाई तशाच, दिवसभर गप्प, पण शेजारीण दारात आली की बघायलाच नको. म्हणजे चकत्या शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा बघायला हवं होतं. आणखी एक दिवस जाणार.

तिने शंका सांगताच सर्जननी मान डोलावली. सासऱ्यांना सांगणं तिच्याच गळ्यात पडलं.

"अख्ख्या घराला माझी ओढ आहे," ते म्हणाले, "तुलाच तेवढी नाही."

तिला फार लागलं ते. जिना उतरताना डोळे पुसले आणि तिने नवी प्लेट लावली.

दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली, तर क्लिंडामायसिनचं रिंगण एरिथ्रोमायसिनच्या बाजूने सपाट झालेलं. जीन जागं झालं होतं. कालचं गोल रिंगण बघून तिने होकार कळवला असता तर?

वर जाऊन तिने सगळं सांगितलं. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं असतं, मग ज्या जंतूंतलं ते जीन कायमचं जागं झालं असतं, त्यांनी पाय पोखरला असता. आता सलाईनमधून दुसरं औषध, आणि मुक्काम लांबणार.

सासऱ्यांनी बँडेजवरून हात फिरवला.

"पाय राहील ना?"

"डॉक्टर म्हणतात राहील, बाबा."

त्यांनी वाकून बूट काढला आणि तिच्या हातात दिला.

"हा घरी ने. मला न्यायला तूच ये, आणि येताना जोडी घेऊन ये."